सासूबाईंचे गुडघे, दोन मुलं आणि म्युरेन

प्रश्न: नमस्कार ताई, आम्ही ठाण्याचे, मुलं १० आणि ६ वर्षांची, शिवाय सासूबाई येणारेत, वय ६७, गुडघे दुखतात पण घरी बसायला तयार नाहीत. आम्ही दोघं लग्नाआधी सह्याद्रीत भरपूर भटकलोय, त्यामुळे स्वित्झर्लंडला बसमधून पळापळ नकोय, एखाद्या शांत गावात राहून चालायचंय. मे महिन्याच्या सुट्टीत जमेल का? आणि गाव कुठलं घ्यावं?

उत्तर: आधी मे महिन्याचं सांगते कारण इथेच आपल्याकडची बरीच घरं फसतात. मेमध्ये आल्प्समध्ये वरच्या वाटांवर बर्फ असतो, कितीतरी केबल कार आणि हॉटेलं दोन सीझनच्या मधे बंद असतात, म्हणजे एवढा खर्च करून जायचं आणि खिडकीतून बघत बसायचं. जूनच्या मध्यानंतर जा, शाळा बुडेल पण बाईंशी आधीच बोलून ठेवा, नाहीतर घरी गणपती नसेल तर ती सुट्टी बघा, सप्टेंबरात तिथे गर्दी कमी आणि हवा बऱ्यापैकी स्वच्छ असते.

गाव म्हणाल तर म्युरेन, डोळे मिटून. उंची १,६३८ मीटर, म्हणजे जवळजवळ आपलं कळसूबाई (१,६४६)! फक्त इथे माथ्याच्या उंचीवर अख्खं गाव वसलंय, आणि गावात बाहेरच्या गाड्या येत नाहीत त्यामुळे ६ वर्षांच्या पोराचा हात सतत धरून ठेवायला लागत नाही, हे सुख आईलाच कळतं. खाली दरीतल्या लाउटरब्रुनेन गावाहून केबल कारने वरच्या ग्रुचआल्प स्टेशनला, तिथून छोटी ट्रेन, बॅगांसकट सगळं आरामात होतं. स्विस ट्रॅव्हल पास (ट्रेन, बस, बोटींचा एकत्र पास) म्युरेनपर्यंत चालतो आणि आईवडिलांबरोबर फॅमिली कार्ड घेतलं की १६ वर्षांखालच्या मुलांना तिकीट लागत नाही, ते पासबरोबरच मागून घ्या.

आता सासूबाई. माझ्या आईला मी ६८व्या वर्षी नेलं होतं म्हणून कळकळीने सांगते, गुडघ्याला चढ नाही, उतार मारतो. आम्ही दुसऱ्याच दिवशी म्युरेनहून खालच्या गिमेलवाल्ड गावात उतरलो, डांबरी रस्ता बघून वाटलं सोपंय, पण पावणेतीनशे मीटरचा सलग उतार आहे, आई रात्री पाय चोळत बसली आणि पुढचा अख्खा दिवस गेला. तुम्ही त्यांना केबल कारने उतरवा आणि खाली भेटा. गिमेलवाल्डला दुकानदार नसलेलं दुकान आहे, हवं ते घ्यायचं आणि पैसे ठेवून जायचं, आमची मुलगी तीनदा पैसे मोजून मग ठेवत होती.

त्यांच्यासाठी खरी वाट म्हणजे ग्रुचआल्प ते म्युरेन, साडेचार किलोमीटरच्या आसपास, बरीचशी सपाट, समोर सगळा वेळ आयगर, म्योंख, युंगफ्राउ ही बर्फाची शिखरं. मधे विंटरएगला मुलांना खेळायला जागा आहे आणि ट्रेनचं स्टेशनही, दमल्या तर तिथून बसून गावात. दुसरी म्हणजे गावावरचं आलमेंडहूबेल, १९१२ पासूनची फ्युनिक्युलर (उतारावर दोराने ओढली जाणारी ट्रेन) चार मिनिटांत वर नेते, तिथे मुलांचं मोठं प्लेग्राउंड आणि रानफुलांची वाट, सासूबाईंना फुलांत सोडा आणि तुम्ही दोघं थोडं पुढे जाऊन या.

पाट्या नीट वाचा. नुसती पिवळी म्हणजे साधी वाट, पांढरा-लाल-पांढरा पट्टा म्हणजे डोंगरवाट, तिथे चांगले बूट हवेत, आणि पांढरा-निळा-पांढरा दिसला की तुमच्या घोळक्याने सरळ मागे फिरायचं, सह्याद्री कितीही पायाखाली असला तरी. पाटीवरची वेळ थांबे न धरता असते, मुलांबरोबर दीडपट धरा. उन्हाळ्यात दुपारनंतर वीजपाऊस येतो म्हणून सकाळी लवकर निघा. मदत लागलीच तर रेगाचा (तिथली हवाई बचाव सेवा) हेलिकॉप्टर नंबर १४१४, फोनमध्ये आत्ताच सेव्ह करा.

खायचं: गावात कूप सुपरमार्केट आहे, स्वयंपाकघर असलेलं घर घ्या, तांदूळ, डाळ, पोहे, मेतकूट न्या, पण तूप, पेढे, श्रीखंडाच्या वड्या नकोत, भारतातून दुधाचे पदार्थ न्यायला बंदी आहे. पाणी लाकडी हौदाच्या नळाचं बिनधास्त भरा, फक्त 'काइन ट्रिंकवासर' (पिण्याचं पाणी नाही) लिहिलं असेल तर नाही.

आणि वाटेत गाई भेटतीलच, घंटा वाजवत. वासरू सोबत असेल तर लांबून जा, मुलांना हात लावू देऊ नका. माणसं भेटली की 'ग्रुएसेख' (तिथला नमस्कार) म्हणायचं, माझी आई दुसऱ्या दिवसापासून बाकावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला म्हणायची आणि सगळे थांबून हसून उत्तर द्यायचे.