पहिल्या वर्षी फुललेल्या ट्यूलिपला दुसऱ्या वर्षी नुसतीच पानं का येतात? दरवर्षी फुलतील अशा जाती कोणत्या?

न्यू जर्सीतल्या घरापुढे तुम्ही मिश्र रंगांचे ५० कंद लावलेत, पहिल्या एप्रिलमध्ये ते छान फुलले आणि यंदा नुसती पानं आली. आधी एक गोष्ट तपासा: प्रत्येक कंदाला एकच रुंद पान आलंय का? तसं असेल तर कंद मेलेला नाही, लहान झालाय.

ट्यूलिपचा कंद दरवर्षी संपतो. त्याच्या जागी एक मोठं आणि दोन-तीन बारीक पिल्लं तयार होतात. ही पिल्लं फुलं गेल्यानंतरच्या सहा आठवड्यांत, पानांनी बनवलेल्या अन्नावर पोसली जातात. पिल्लाचा घेर साधारण १० सेंटिमीटरच्या आत राहिला तर त्यात कळी धरत नाही, एक पान येतं आणि संपतं. पानं हिरवी असतानाच छाटली तर हमखास असं होतं. दुसरं कारण उन्हाळा. ट्यूलिप मूळचं मध्य आशियातल्या डोंगरांतलं. त्याला थंड हिवाळा, ओला वसंत आणि कोरडा उन्हाळा लागतो. तुमच्याकडचा हिवाळा त्याला उत्तम मानवतो, पण जुलै-ऑगस्टमधला दमटपणा, वादळी पाऊस आणि वर लॉनचा स्प्रिंकलर यांनी कंद सडतो किंवा बारीक तुकड्यांत फुटतो.

म्हणून जात निवडताना रंगाआधी गट बघा, म्हणजे वाण ट्यूलिपच्या कोणत्या वर्गातला आहे ते. मिश्र पाकिटात बहुधा ट्रायंफ गटातले कंद असतात. रंग अप्रतिम, देठ मजबूत, पण पुन्हा फुलण्याची खात्री कमी. दरवर्षी फुलं हवी असतील तर मी डार्विन हायब्रिड गटापासून सुरुवात करायला सांगेन. १९५१ मधला लालभडक ‘आपेलडोर्न’, त्याचा पिवळा भाऊ ‘गोल्डन आपेलडोर्न’, गुलाबी ‘पिंक इम्प्रेशन’: दीड-दोन फूट उंची, मोठं फूल, आणि जागा चांगली असेल तर तीन-चार वर्षं सहज. फॉस्टेरियाना गटातला पांढरा ‘प्युरिसिमा’ त्यांच्याही आधी फुलतो आणि तितकाच टिकाऊ आहे. बुटक्यांत ग्रेगी गटातला ‘रेड रायडिंग हूड’ घ्या. त्याच्या पानांवर जांभळट पट्टे असतात, त्यामुळे फूल नसतानाही वाफा बघावासा वाटतो.

सगळ्यांत चिवट म्हणजे रानटी जाती, आणि बागेत त्याच सर्वांत कमी दिसतात याचं मला फार वाईट वाटतं. इराणपासून पश्चिम हिमालयापर्यंत उगवणारा क्लुसियाना, त्याच्यापासून झालेला गुलाबी-पांढरा ‘लेडी जेन’, चांदणीसारखा पिवळा-पांढरा टार्डा. फूल लहान असतं, पण उन्हाच्या, खडकाळ, कोरड्या कोपऱ्यात ही झाडं वर्षागणिक वाढत जातात.

पॅरट गटातली झालरदार फुलं आणि ‘अँजेलिक’सारखी डबल लेट (उशिरा फुलणारी, दाट पाकळ्यांची) एका हंगामाचीच समजा. फूल जड असतं, पावसात भिजलं की देठ वाकतो, म्हणून भिंतीच्या आडोशाला लावा. जुन्या डच चित्रांतली ज्वाळांच्या पट्ट्यांची ट्यूलिप मात्र शोधू नका. ते पट्टे मावा ही कीड पसरवते अशा विषाणूमुळे उठायचे आणि कंद क्षीण व्हायचा. आज मिळणारे पट्टेरी वाण निरोगी असतात.

लागवड ऑक्टोबरअखेर ते थँक्सगिव्हिंगच्या (नोव्हेंबरचा चौथा गुरुवार) दरम्यान करा, माती १३ अंश सेल्सिअसच्या खाली गेल्यावर. घाई केली तर गरम मातीत बुरशी धरते. कंद १२ सेंटिमीटर घेराचा, हाताला टणक आणि जड हवा. मऊ असेल किंवा आंबूस वास येत असेल तर फेकाच, कारण सडका कंद इथिलीन वायू सोडतो आणि शेजारच्या चांगल्या कंदांतली कळी आतच मरते. टोक वर ठेवून ८ इंच खोल, ४-५ इंच अंतरावर लावा. चिकणमाती असेल तर वाफा ६ इंच उंच करून भरपूर कंपोस्ट मिसळा. बोनमील (हाडांचा चुरा) टाकू नका, त्याच्या वासाने प्राणी उकरायला येतात.

खारींसाठी लावलेल्या जागेवर एक इंच भोकांची तारेची जाळी अंथरून वर माती आणि पाला घाला, कोंब जाळीतून वर येतात. हरणांवर जाळीचा उपयोग नाही. ती कळ्याच खातात, म्हणून कोंब दिसल्यापासून त्यांना न आवडणाऱ्या वासाचा फवारा मारावा लागतो आणि पावसानंतर पुन्हा. डॅफोडिल हे वसंतात फुलणारं कंदफूल विषारी असल्यामुळे त्याला कोणी तोंड लावत नाही, पण त्याच्या कडेने ट्यूलिप वाचतात यावर विसंबू नका.

फूल गळलं की बीजकोश खुडा, पानं पिवळी पडेपर्यंत ठेवा. जागा ओली राहत असेल तर जूनमध्ये कंद काढा, जाळीच्या पिशवीत कोरड्या हवेशीर जागी टांगा आणि नोव्हेंबरमध्ये मोठे तेवढे परत लावा. पानं वेडीवाकडी होऊन भाजल्यासारखे डाग पडले तर ती करपा आणणारी बोट्रायटिस बुरशी आहे. ते झाड कंदासकट उपटून कचऱ्यात टाका, कंपोस्टमध्ये नको, आणि तिथे तीन वर्षं ट्यूलिप लावू नका.

पुण्यात आईच्या गच्चीवर ट्यूलिप लावता येईल का, असंही विचारलंत. तिथे थंडी पुरत नाही, म्हणून कंद कागदी पिशवीत घालून फ्रीजच्या खालच्या भागात १२ ते १४ आठवडे ठेवावे लागतात. त्याच फ्रीजमध्ये सफरचंद, केळी असतील तर इथिलीनने कळ्या मरतात. डिसेंबरच्या मध्याला कुंडीत लावून सकाळचंच ऊन द्या. फूल एकदाच येईल, कंद पुढच्या वर्षासाठी ठेवू नका.

फुलदाणीसाठी कळी रंगावर आली पण बुडाशी हिरवी असतानाच कापा. ट्यूलिप पाण्यातही वाढतं आणि उजेडाकडे वळतं, म्हणून उंच फुलदाणी घ्या. ताज्या कापलेल्या डॅफोडिलसोबत ठेवू नका, त्याच्या चिकाने ट्यूलिप लवकर माना टाकतं. कंद हाताळताना हातमोजे घाला, रसाने बोटांना खाज सुटते, आणि कुत्र्या-मांजरांपासून कंद लांब ठेवा.