आडवी ती डोलकाठी नव्हे, आणि तिरकट म्हणजे तीन काठ्या नव्हेत

प्रश्न असा आहे: "लाकडी जहाजाची प्रतिकृती जुळवतो आहे, तीन डोलकाठ्यांची. पुस्तिकेत 'मास्ट', 'यार्ड' आणि 'रिगिंग' हे शब्द पानोपानी येतात. एका मराठी व्हिडिओत यार्डला 'आडवी डोलकाठी' म्हटलं होतं. ते बरोबर आहे का? आणि अशा जहाजाला आपल्याकडे पूर्वी 'तिरकटी' म्हणत ना, तीन काठ्यांची म्हणून?"

पहिल्याचं उत्तर: नाही. दुसऱ्याचंही: नाही.

'आडवी डोलकाठी' हा प्रयोग हल्ली इतक्या वेळा कानावर येतो की तो आता कोशात शिरेल अशी धास्ती वाटते. डोलकाठी, म्हणजे तुमच्या पुस्तिकेतला मास्ट, उभीच असते. जहाजाच्या तळाशी रोवलेली आणि दोरांनी ताणून धरलेली. तिच्यावर आडवा टांगलेला, शीड बांधायचा दांडा, म्हणजे यार्ड, तो परबाण. किनाऱ्यावर कुणी परभाणही म्हणतं, आणि खलाशांच्या हिंदुस्तानीत तो परवान होतो. शब्द जिवंत आहे, बोटीवर जाणाऱ्या माणसाच्या तोंडी आहे. तो बाजूला सारून 'आडवी डोलकाठी' म्हणणं म्हणजे तुळईला 'आडवा खांब' म्हणण्यासारखं आहे.

यावर एक आक्षेप हमखास येतो: आपल्या मचव्याचं परबाण तिरपं असतं आणि त्याला तिरपं शीड लागतं, मग युरोपीय जहाजाच्या चौकोनी शिडाच्या दांड्याला परबाण कसं म्हणायचं? तसंच म्हणायचं. युरोपीय जहाजांवर राबणाऱ्या खलाशांनी या दांड्याला परवानच म्हटलं. ज्यांनी तो दांडा हाताळला त्यांना हा भेद अडला नाही, तर आपण का अडावं?

प्रतिकृती करताना तर या शब्दाने थेट फरक पडतो. डोलकाठी तासताना बुंध्याशी जाडी राखायची आणि टोकाकडे निमुळती करत न्यायची. परबाण मात्र मधोमध जाड ठेवून दोन्ही टोकांकडे सारखं बारीक करायचं असतं. मोठ्या जहाजांच्या परबाणांचा मधला भाग बऱ्याचदा अष्टकोनी राखलेला असे, गोलाई त्याच्या पुढे सुरू होई. 'काठी' ऐकलेला माणूस एकाच टोकाकडून तासायला घेतो आणि लाकूड फुकट जातं. दोन वस्तूंचा घाट वेगळा, काम वेगळं, मग नाव एक का?

आता डोल. 'डोलते म्हणून डोलकाठी' ही व्युत्पत्ती सगळ्यांना पाठ असते. मला ती पटत नाही. खलाशी नुसतं 'डोल' म्हणतात, काठी न जोडता, आणि तो डोल म्हणजे ती वस्तूच, डोलण्याची क्रिया नव्हे. शिवाय जहाजावरचं निम्मं दोरकाम ही काठी डोलू नये म्हणूनच असतं. माझा संशय अरबी 'दकल'वर आहे. दकल म्हणजे डोलकाठी, आणि हलक्या प्रतीचा खजूरही. अरामी भाषेत खजुराच्या झाडाला 'दिक्ला' म्हणतात, तेव्हा हे घराणं सरळसोट खोडाचं दिसतं. फारसीत तर दकल आजही रोजच्या वापरात आहे, तेलविहिरीवरच्या मनोऱ्यालासुद्धा तोच शब्द चालतो. अरबी समुद्रावरून आलेलं सुकाणू आपण 'सुक्कान'वरून घेतलं, नाखवा फारसी 'नाखुदा'वरून, म्हणजे नावेचा धनी. मग दकल किनाऱ्याला लागलाच नाही असं का मानायचं? लागला, आणि आपल्या 'डोलणे'ने त्याला दत्तक घेतलं, असं माझं मत आहे. मधल्या 'क'चं काय झालं हे विचारणाऱ्यांचा मुद्दा मला मान्य आहे. तरी मत बदलत नाही.

पण हे सगळं बाजूला ठेवा, कारण तुमच्या प्रश्नातला खरा ऐवज तिरकट आहे.

जुन्या गलबतांच्या याद्यांत गुराब, गलबत, पाल, शिबाड, मचवा यांच्या रांगेत 'तिरकटी' येते. तिच्याखाली कंसात 'तीन डोलकाठ्यांचे जहाज' असं लिहून लेखक पुढे जातात. एकाने लिहिलं, दुसऱ्याने उतरवलं, तिसऱ्याने तेच कोशातून घेतल्यासारखं ठासून सांगितलं. कुणी थांबून शब्दाकडे पाहिलेलं दिसत नाही. मराठीत तीन वस्तूंचा समास कसा होतो? तिफण, तिवई, तिठा, तिमजली, तिपदरी. तीन काठ्यांची तर 'तिकटी', आणि हा शब्द आपल्याकडे आहेच. यात कुठेही 'र' नाही. तिरकटीत तो कुठून आला याचा जबाब 'तीन काठ्या'वाल्यांकडे नाही. 'त्रि' संस्कृतातून आला म्हणावं, तर पुढची 'काठी' अस्सल देशी, आणि खलाशी असली अर्धी सोवळी जोडणी करत बसत नाहीत.

जबाब हिंदी कोशात आहे. नागरीप्रचारिणी सभेचा 'हिंदी शब्दसागर' उघडा. तिथे 'तिरकट' म्हणजे पुढचं शीड असा अर्थ दिला आहे आणि पुढे 'लश॰' अशी खूण आहे. ही खूण लश्करी, म्हणजे युरोपीय जहाजांवर राबणाऱ्या लस्कर खलाशांच्या बोलीची. या बोलीचा इंग्रजी-हिंदुस्तानी नाविक कोश थॉमस रोबकने १८११ मध्ये कलकत्त्यात छापला, आणि जॉर्ज स्मॉलने १८८२ मध्ये तो सुधारून पुन्हा काढला, इतकी ती जहाजांवर गरजेची होती. शब्दसागरात तिरकटच्या पाठोपाठ 'तिरकट डोल' आहे: पुढची डोलकाठी. आता सांगा, तिरकट म्हणजे तीन काठ्या असतील तर तिरकट डोल म्हणजे काय? तीन काठ्यांची एक काठी? या एका नोंदीपुढे ती कंसातली टीप टिकत नाही.

तिरकट हा पोर्तुगीज 'त्राकेत' आहे. पोर्तुगीजात जहाजाची सर्वांत पुढची डोलकाठी आणि तिचं शीड म्हणजे त्राकेत. शब्दाच्या सुरुवातीचं 'त्र' आपल्या जिभेने फोडून 'तिर' केलं, हाच तो 'र'. शेवटी 'ट' कसा, असं विचाराल तर पोर्तुगीज 'त' आपल्याकडे दोन्ही वाटांनी आला आहे: फीत दंत्य राहिली, बटाटा मूर्धन्य झाला. तुमच्या हातातल्या संचातूनही पडताळा मिळेल. लाकडी जहाजांचे पुष्कळ संच इटली आणि स्पेनमध्ये तयार होतात. पुस्तिकेत त्या भाषांची पानं असली तर पुढच्या डोलकाठीचं नाव वाचा. स्पॅनिशमध्ये 'त्रिंकेते', इटालियनमध्ये 'त्रिंकेत्तो'. तिरकटचे हे सख्खे भाऊ आहेत.

आणि गंमत इथे आहे. या त्रिंकेत्तोचं मूळ शोधताना काही व्युत्पत्तिकार लॅटिन 'त्रिक्वेत्रुस'पर्यंत जातात, म्हणजे तीन कोनांचं. आधी हे शीड त्रिकोणी असे, म्हणून. ते खरं असेल तर तिरकटमध्ये तीन आहेतच, फक्त ते शिडाचे कोन आहेत. 'तीन' भूमध्य समुद्रातून शब्दाच्या पोटात बसून आला, आणि इथे आल्यावर आपण त्याला काठ्या मोजायला लावलं. असा शब्द हाती लागला की मला दिवसभर दुसरं काही सुचत नाही.

पुढच्या काठीचं नाव एखाद्या जहाजाच्या जातीला कसं लागलं, ही शंका रास्त आहे. आपल्या जुन्या बांधणीत एक मोठा डोल असे आणि असलाच तर मागे एक लहान, त्याला कलमी म्हणतात. नाळेकडे, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाकडे, स्वतंत्र डोल असणं हेच नजरेत भरणारं वैशिष्ट्य होतं. ज्या जहाजाला तिरकट, ते तिरकटी. त्याला एकूण तीन काठ्या असतीलही, पण नाव मोजणीवरून पडलेलं नाही. काठ्यांची नावं अशी सरकतातच. इटालियनमध्ये 'मेद्झाना' म्हणजे मधली, तिच्यावरून इंग्रजीत 'मिझन' झाली ती मागची काठी, आणि फ्रेंचमध्ये 'मिझेन' झाली ती चक्क पुढची. शब्द तोच, आणि जहाजाच्या दोन टोकांना बसला. त्यामुळे नावाच्या पोटातून अर्थ काढू पाहणाऱ्याने आधी ते नाव कुठल्या काठीला बांधलं होतं ते पाहावं.

तिरकट एकटी आली नाही. तुमच्या प्रतिकृतीत प्रत्येक डोल एकसंध नसेल: खालची जाड काठी, तिच्या डोक्याला जोडलेली दुसरी, तिच्यावर तिसरी. पहिल्या दोघींच्या सांध्यावर एक छोटा मंच बसवायचा असतो. पोर्तुगीजात तो मंच 'गावेया'. त्यावरून वरच्या शिडालाही तेच नाव मिळालं आणि लश्करीत ते झालं 'गावी'. शब्दसागरात 'तिरकट गावी' आहे. गावेयाचं मूळ लॅटिन 'कावेया', म्हणजे पिंजरा. इंग्रजी 'केज' त्याच घरातला. टेहळ्या उभा राहायचा तो उंचावरचा पिंजरा. रिओ द जानेरोजवळच्या एका प्रचंड कड्याला पोर्तुगीजांनी याच्यावरूनच 'पेद्रा दा गावेया' नाव दिलं. गावीचा गावाशी काहीही संबंध नाही, हेही सांगून ठेवतो, कारण तोही जोडलेला मी ऐकला आहे.

मग 'बरांडल'. डोल सरळ उभा राहावा म्हणून त्याच्या माथ्यापासून जहाजाच्या बाजूंपर्यंत ताणलेले दोर, त्यांतला एकेक बरांडल. पोर्तुगीज 'ब्रांदाल'. कुणी घराच्या व्हरांड्याकडे वळण्याआधी सांगतो, तो शब्द निराळा.

यातून थर कसे दिसतात पाहा. डोल, परबाण, शीड, कलमी हे जुने, कारण त्या वस्तू इथे होत्या. गावी, तिरकट, बरांडल हे परके, कारण एकावर एक चढवलेली चौकोनी शिडं आणि ती पेलणारी दोरांची रचना बाहेरून आली आणि येताना नावं घेऊन आली. ही नावं आपल्या खलाशांनी तासून, घासून वापरात आणली. ती टाकून देऊन आता मास्टला 'कूपदंड' आणि रिगिंगला 'रज्जुजाल' सुचवणारे मला अजिबात समजत नाहीत. संस्कृतच हवं असेल तर निदान अमरकोश नीट वाचावा. त्यात 'कूपको गुणवृक्षकः' आहे. गुण म्हणजे दोर. डोलकाठी म्हणजे दोरांचं झाड! जहाजावरच्या काठीचं इतकं नेमकं वर्णन दुसऱ्या कुठल्या भाषेत मला आढळलेलं नाही. घडवलेल्या कूपदंडात यातलं काहीच येत नाही. पण गुणवृक्षकही आज कुणाच्या तोंडी बसणार नाही, डोलच बसेल.

राहिलं 'रिगिंग'. दोरकाम म्हणा. त्याचे दोन भाग वेगळे ठेवा, कारण तुमच्या पुस्तिकेतही ते वेगळे असणार: पक्के दोर आणि ओढते दोर. बरांडल आणि डोलाला पुढे-मागे धरणारे ताण हे पक्के. एकदा आवळले की हलत नाहीत, डांबरामुळे काळपट असत, म्हणून प्रतिकृतीतही त्यांना गडद सूत वापरतात. परबाण वर-खाली नेणारे, फिरवणारे आणि शीड ओढणारे ते ओढते. कप्प्यांतून जातात, त्यांना फिकं सूत. आधी पक्के, मग ओढते. बरांडल जोडीजोडीने बांधताना एक जोडी उजवीकडे, पुढची डावीकडे, असं आलटूनपालटून घ्या, नाहीतर डोल एका अंगाला ओढला जाईल.

तीन काठ्यांना पुढून मागे तिरकट डोल, मोठा डोल आणि कलमी म्हणा. परबाणांना ज्या डोलावर ती असतील त्याचं नाव जोडा: तिरकटचं परबाण, त्याच्या वर तिरकट गावीचं परबाण. आणि शिडं न लावता नुसतं दोरकाम दाखवणार असाल तर गावीचं परबाण वर चढवून ठेवू नका. शीड गुंडाळलेलं असताना ते खाली उतरवून जवळजवळ मंचाच्या वर, खालच्या काठीच्या डोक्याशी आणून ठेवत, आणि त्याच्या टोकांना पेलणारे दोर तेव्हाच ताठ होत. सर्वांत खालचं परबाण मात्र आपल्या जागी राही. बाजारातल्या कित्येक तयार प्रतिकृतींत गावीचं परबाण शिडाशिवाय वर टांगलेलं आणि ते दोर तरीही ताठ असे दिसतात. दोन्ही एकदम होत नाही.