पोराच्या रक्तावरचा लेख आम्हालाच विकत घ्यायचा?

प्रश्न : ताई, माझा मुलगा तेरा वर्षांचा आहे. त्याला सिकलसेल आहे. मागे इथल्याच एका रुग्णालयातल्या संशोधनात तो होता. रक्त द्यायला आम्ही मानेवाड्याहून दर तीन महिन्यांनी जायचो. त्यावरचा लेख छापून आला असं कळलं म्हणून मोबाइलवर शोधला, तर चार ओळी दिसल्या आणि पुढे ‘३९ डॉलर भरा’ असं आलं. रक्त आमच्या पोराचं आणि वाचायचे पैसेही आम्हीच द्यायचे? आता त्याच डॉक्टरांनी नवा फॉर्म दिलाय. त्यात ‘माहिती इतर संशोधकांना देण्यास संमती’ असं लिहिलंय. सही करू का?
– एक आई, नागपूर

उत्तर : ताई, ते ३९ डॉलर अजिबात भरू नका. त्यातलं काहीही तुमच्या डॉक्टरांना मिळत नाही. संशोधनाच्या लेखाला मानधन नसतं, आणि लेख तपासून देणारे तज्ज्ञही बहुतेक वेळा फुकटच तपासतात. पैसे प्रकाशकाकडे जातात, कारण असा लेख छापून येण्याआधी त्याचे हक्क बहुधा त्याच्याच नावे करून दिलेले असतात.

लेख डॉक्टरांकडेच मागा. तुम्हाला चार ओळी दिसल्या त्या पानावर लेखकाचा ईमेलही बहुधा असतो. एखाद्याला वाचण्यापुरती प्रत द्यायला प्रकाशकांची सहसा हरकत नसते. मी वैद्यकीय महाविद्यालयाच्या ग्रंथालयात लागले तेव्हा या कामासाठी छापील कार्डंच असत. लेखाचं नाव लिहायचं, पत्ता लिहायचा, टपालात टाकायचं. महिना-दीड महिन्यानं परदेशी तिकिटाचं पाकीट यायचं, आणि निवासी डॉक्टर ते काउंटरवरच फोडून उभ्या उभ्या वाचायला लागायचे.

पुढे नियतकालिकांच्या किमती इतक्या वाढल्या, की मार्च आला की यादीतली नावं खोडणं हेच माझं काम झालं. एका वर्षी रक्तविकारांचं एक नियतकालिक खोडलं. त्याच उन्हाळ्यात एक मुलगी, बालरोग विभागातली निवासी डॉक्टर, त्यातलाच लेख मागायला आली. वॉर्डात सिकलसेलचं लेकरू होतं. मी ‘नाही’ म्हटलं. ते अजून मला सलतं.

आता सरकारनं ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ आणलंय, म्हणजे सगळ्या सरकारी संस्थांची नियतकालिकांची वर्गणी सरकारच एकत्र भरतं. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, जवळपास १३,००० नियतकालिकं. सरकारी महाविद्यालयात कुणी भाचा-पुतणी शिकत असेल तर तिथल्या ग्रंथालयातून लेख वाचता येईल. पण ही सोय सरकारी संस्थांपुरती आहे. तुम्ही त्यात नाही, आणि काटोल-उमरेडकडे खाजगी दवाखाना चालवणारा डॉक्टरही नाही. हे मला पटत नाही. पैसा लोकांचा, तर लेखही सगळ्यांना उघडा हवा. अमेरिकेत सरकारी आरोग्य संस्थेच्या पैशातून झालेल्या संशोधनाचे लेख जुलै २०२५ पासून छापून येतील त्याच दिवशी फुकट खुले करावे लागतात. आपल्या आयसीएमआरचं, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचं, ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च’ही कुणालाही फुकट वाचता येतं. एरवी इंटरनेटवर शोधताना ‘पबमेड’ऐवजी ‘पबमेड सेंट्रल’ या संकेतस्थळावर शोधा. पहिल्यावर बहुतेक वेळा नुसता सारांश असतो, दुसऱ्यावर पूर्ण लेख असतो.

आता फॉर्म. माझं मत विचाराल तर सही करा, पण विचारपूस करून. सिकलसेलवर हायड्रॉक्सियुरिया हे औषध चालतं हे ज्या गाजलेल्या चाचणीनं दाखवलं, ती १९९५ सालची, अमेरिकेत-कॅनडात झालेली, २९९ रुग्णांची. सगळे प्रौढ. आपल्या विदर्भातल्या पोरांच्या आजाराची ठेवण वेगळी असते, त्यांच्या रक्तात गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन बरेचदा जास्त टिकून राहतं. एकेका रुग्णालयाकडे अशी मुलं थोडी. नागपूर, गडचिरोली, रायपूर इथली माहिती एकत्र झाली, तरच क्वचित होणाऱ्या त्रासाबद्दल खात्रीनं काही म्हणता येईल. आणि मूळ आकडे दुसऱ्याला तपासता आले नाहीत तर काय होतं, ते कोरोनात दिसलं. मे २०२० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ९६,००० रुग्णांवरचा हायड्रॉक्सिक्लोरोक्विन या मलेरियाच्या औषधाचा अभ्यास आला. त्यावरून जागतिक आरोग्य संघटनेनं त्या औषधाची चाचणी काही दिवस थांबवली. मूळ नोंदी मागितल्या तर ज्या कंपनीकडे त्या होत्या तिनं त्या दिल्याच नाहीत. दोन आठवड्यांत लेख मागे घेतला गेला.

विचारायचं ते हे. नाव, मोबाइल, जन्मतारीख काढतात हे ते सांगतीलच. तुम्ही गावाचं विचारा. समजा तक्त्यात एक ओळ आहे : ‘मुलगा, १३ वर्षे, अमुक गाव, अमुक जात, मोठी बहीण वाहक.’ (वाहक म्हणजे स्वतःला आजार नसला तरी तो पुढच्या पिढीत नेऊ शकणारी.) नाव कुठेही नाही. तरी त्या गावातला कुणीही बोट ठेवून सांगेल, हा कोणाचा. उद्या त्याच बहिणीचं स्थळ बघायला गेलात की हीच ओळ आडवी येते. म्हणून गावाऐवजी फक्त जिल्हा लिहिणार का, जात लिहिणार का, हे स्पष्ट विचारा. माहिती मागेल त्याला देणार, की एखादी समिती अर्ज बघून देणार, तेही विचारा. समिती असेल तर मला जास्त बरं वाटेल. दिलेली संमती नंतर मागे घेता येते, पण तोवर दुसऱ्यांच्या हाती गेलेली माहिती परत आणता येत नाही, हे मनात धरा. काही शंका राहिली तर फॉर्मवर रुग्णालयाच्या नीतिसमितीचा, म्हणजे संशोधनात रुग्णाचं हित जपलं जातं का ते बघणाऱ्या समितीचा, संपर्क असायला हवा, तिथे बोला. या फॉर्मला ‘नाही’ म्हटलं म्हणून मुलाचे उपचार कुणी थांबवू शकत नाही.

आणखी एक. आयसीएमआरच्या नियमांप्रमाणे बारा वर्षांवरच्या मुलाची स्वतःची लेखी संमतीही घ्यायची असते. म्हणून फॉर्म घरी आणा, पोराला शेजारी बसवा आणि त्यालाच मोठ्यानं वाचायला लावा. जिथे तो अडेल तिथे पेन्सिलनं खूण करा. त्या खुणा घेऊन डॉक्टरांकडे जा, आणि जुन्या लेखाची प्रत त्याच भेटीत मागा. इंग्रजी जड गेलं तर ती माझ्याकडे पाठवा, आपण ओळ न् ओळ मिळून वाचू.