सात खंड राहू देत, आधी एक गाव कर

प्रश्न : ताई, मी खानापूरचा, कॉलेजला बेळगावात येतो. डंजन्स अँड ड्रॅगन्स (एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे त्यातलं एकेक कॅरॅक्टर म्हणजे पात्र होतात आणि जमलं की नाही ते फाशावर ठरतं, तो खेळ) खेळायचं म्हणून दोन महिने बसून एक अख्खं जग लिहिलं, सात खंड, राजांच्या अकरा पिढ्या, देवसुद्धा वेगळे. पहिल्या दिवशी चौघं मित्र जमले, मी तासभर वाचून दाखवलं तर दोघांनी मोबाईल काढले. कॅरॅक्टर कसं करायचं तेपण कुणाला कळेना. माझं कुठं चुकलं? आणि ते वीस बाजूंचे फासे इकडं दुकानात मिळत नाहीत, काय करू?

उत्तर : अरे, तू पोरांना जेवायला बोलावलंस आणि शेताचा सातबारा वाचून दाखवलास! वही जपून ठेव, लागेल पुढं, खरं आत्ता नको. १९७४ ला हा खेळ ज्या दोघांनी काढला त्यातल्या गॅरी गायगॅक्सचं ग्रेहॉक नावाचं जगसुद्धा एका किल्ल्याखालच्या तळघरांपासून सुरू झालं, बाकी जग खेळता खेळता वाढत गेलं.

तर एक गाव घे. कणकुंबीसारखं समज, घाटाच्या तोंडाला, मलप्रभा उगम पावते तसं कुंड, आणि ऐन आषाढात एका सकाळी कुंड कोरडं. एवढ्यावर दोन रविवार जातात बघ. गावात तीन माणसं कर, पुजारी, घाटाखालनं सुकी मासळी घेऊन येणारी बाई आणि रात्री गुपचूप रानात जाणारा पाटलाचा थोरला, आणि तिघांनाही काहीतरी लपवायचं असू दे. गुहा पाहिजे तर भीमगडच्या रानातल्या बारापेडे गुहा डोळ्यांसमोर आण, जगात मोजक्याच ठिकाणी सापडणारी वटवाघळं आहेत तिथं. गुहेपलीकडं काय आहे ते आत्ता लिहूच नकोस, पोरं तिकडं निघाली की आदल्या रात्री लिही.

आणि एक गोष्ट आपल्याकडं फुकट आहे ती वापर. कॅरॅक्टरच्या कागदावर भाषांचा एक रकाना असतो, लोक तिथं एल्विश, ड्वार्विश अशी कुठल्यातरी काल्पनिक जमातीची भाषा खरडून विसरून जातात. आपण खडेबाजारात दुकानदाराशी मराठीत बोलतो, तो गड्याला कन्नडात भाव सांगतो आणि आपल्याला तोही कळतो, हो की नाही? मग तुझ्या गावातपण वरच्या आळीची भाषा एक, खालच्या आळीची दुसरी ठेव. दोन्ही येणारं कॅरॅक्टर एकच असलं तर बाकीचे तिघं त्याच्या तोंडाकडं बघत बसतात आणि तो खरंच सांगतोय की नाही हापण प्रश्न असतोच. सीमावाद तेवढा खेळात आणू नकोस बाबा, १९५६ पासनं चाललेलं ते कॅम्पेन, म्हणजे लांबत जाणारा डाव, अजून संपलं नाही.

कॅरॅक्टरचं म्हणशील तर १५, १४, १३, १२, १०, ८ हे सहा आकडे ताकद, चपळाई, दमदारपणा, बुद्धी, शहाणपण आणि छाप यांत वाटायचे. सगळ्यांना १५ कुठं टाकू याचीच काळजी. मी आधी ८ कुठं जाणार ते विचारते. ताकद ८ म्हणजे ताकदीच्या कामाला वीस बाजूंच्या फाशाच्या आकड्यातनं एक वजा, भिंत चढायला १५ लागत असले तर फाशावर १६ पडायला पाहिजेत, म्हणजे वीसात पाचच संधी. आता हा पोरगा वर चढणार कसा, कुणाच्या खांद्यावर? इथनंच मित्रांचं बोलणं सुरू होतं. मागची कथा दोन ओळींत पुरे : घरातनं का निघाला आणि कुणाचं देणं लागतो.

फासे ऑनलाईन मिळतात, खरं तोवर थांबू नका. घरात हाऊजीचा डबा असेल ना, त्यातल्या १ ते २० च्या सोंगट्या पिशवीत घाला आणि न बघता एक काढा, दरवेळी परत टाकून हलवायची मात्र, नाहीतर तुझा एखादा हुशार मित्र कुठले आकडे गेले ते मोजत बसेल.