‘छान आहे’, पण पुढे काय?

प्रश्न : ताई, मी ३४ वर्षांची आहे, हिशेबनिसाचं काम करते. गेल्या दोन वर्षांत सात कथा लिहायला घेतल्या, पुऱ्या झाल्या दोन. त्यातली एक सोबत पाठवते आहे. मावशी वारल्यावर तिचं कपाट आवरायला गेलेल्या भाचीची ती कथा आहे. बहीण म्हणाली, ‘छान आहे.’ नवरा म्हणाला, ‘छान आहे, पण जरा लांबलीय.’ मैत्रीण म्हणाली, ‘शेवट बदल. मावशी जिवंत असतानाच दोघींची भेट घडव.’ एका ज्येष्ठ परिचितांनी सांगितलं, ‘आधी शंभर पुस्तकं वाच, मग लिहायला बस.’ कुणाचं ऐकू? आणि लिहिण्यासाठी वाचायचं म्हणजे नेमकं कसं वाचायचं?

उत्तर : तुमची कथा मी दोनदा वाचली. पहिली तीन पानं भाची उठते, आवरते, बसमध्ये बसते, खिडकीबाहेर बघते. चौथ्या पानावर कपाटाच्या तळच्या कप्प्यात तिला एक पत्र सापडतं. आठवीत असताना तिनेच मावशीला लिहिलेलं, आणि पाकीट फोडलेलंच नाही. तिथे मी सावरून बसले. तुमची कथा त्या पाकिटापासून सुरू होते.

शंभर पुस्तकांचा सल्ला मला पटत नाही. वाचावं खूपच, पण लिहिणं त्यासाठी थांबवू नये. लिहिताना आपण अडतो तेव्हाच दुसऱ्याने तीच अडचण कशी सोडवली हे डोळ्यांना दिसायला लागतं. तुम्हाला या घडीला शंभर पुस्तकांपेक्षा एक कथा पाच वेळा वाचण्याची गरज जास्त आहे.

तुम्हाला मनापासून आवडलेली, दहाबारा पानांची एखादी कथा घ्या. एकदा नुसती वाचा. दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन बसा आणि प्रत्येक परिच्छेदाशेजारी दोन-तीन शब्दांत लिहा, हा परिच्छेद इथे कशासाठी आहे. काय घडलं ते नको, त्याचं काम काय ते लिहा : ‘शंका पेरली’, ‘वर्ष उलटलं’, ‘खरं कारण लपवलं’. मग पुस्तक मिटून ठेवा. चारेक दिवसांनी त्या टिपणांवरून तीच कथा स्वतःच्या शब्दांत उभी करा आणि मूळ कथेशेजारी ठेवून बघा. ही युक्ती माझी नव्हे. अमेरिकी मुत्सद्दी आणि लेखक बेंजामिन फ्रँकलिन यांनी आत्मचरित्रात सांगितलंय, की लहान वयात ते ‘स्पेक्टेटर’ या नियतकालिकातल्या निबंधांची अशीच टिपणं काढत, काही दिवस बाजूला ठेवत, मग निबंध पुन्हा लिहून मुळाशी ताडून बघत आणि आपल्या चुका दुरुस्त करत. त्यांनी ते निबंधांवर केलं, मी कथांवर करत आले.

पहिल्यांदा केलं तेव्हा मी निवडलेली कथा एका मृत्यूची होती, निदान माझी तशी समजूत होती. टिपणं काढल्यावर दिसलं, की मृत्यूला लेखिकेने एकच वाक्य दिलं होतं आणि त्या माणसाचं पांघरूण धुण्याला अर्धं पान. रडू मला त्या अर्ध्या पानावर आलं होतं. कथेत वजन कुठे ठेवायचं, हे मला त्या दिवशी कळलं. आता तुमच्याकडे बघा : प्रवासाला तीन पानं, पाकिटाला दोन ओळी.

आता अभिप्राय. तुमच्या घरात सगळ्यात उपयोगी वाक्य तुमच्या नवऱ्याने उच्चारलंय. फक्त त्यांना विचारा, ‘कुठे लांबली?’ बोट ठेवायला सांगा. ते बसवर ठेवतील असं मला वाटतं.

मैत्रिणीने सांगितलेला उपाय करू नका. भेट घडवलीत तर पाकिटाचा जीवच जाईल. पण तिची तक्रार खरी आहे. तिला मावशी हवी होती आणि तुमच्या कथेत मावशी नाही. ‘कडक होती’ एवढंच आपल्याला कळतं. तिच्या तोंडचं एक वाक्य नाही, तिची एखादी लकब नाही. वाचकाला खड्डा बरोबर जाणवतो. तो कशाने भरायचा, हे त्याला बहुधा सांगता येत नाही आणि ते त्याचं कामही नव्हे. नोव्हेंबर १९२४मध्ये संपादक मॅक्सवेल पर्किन्स यांनी अमेरिकी कादंबरीकार स्कॉट फिट्झजेराल्डला त्याच्या ‘द ग्रेट गॅट्सबी’ या कादंबरीचं हस्तलिखित वाचून कळवलं, की नायक गॅट्सबी धूसर वाटतो, त्याच्यावर नजर ठरत नाही. फिट्झजेराल्डने उत्तरात कबूल केलं, की गॅट्सबी दिसतो कसा आणि करतो काय, हे त्याला स्वतःलाच माहीत नव्हतं आणि ते पर्किन्सना जाणवलं. मग त्याने छपाईआधीच्या मुद्रितांवर पुन्हा काम केलं आणि एप्रिल १९२५मध्ये कादंबरी आली. खड्डा दाखवला संपादकाने, भरला लेखकाने.

म्हणून ‘कशी वाटली?’ हे विचारूच नका. त्या प्रश्नाला आपली माणसं ‘छान’ असंच म्हणणार, त्यांचं आपल्यावर प्रेम असतं. कथा कागदावर छापून द्या, सोबत पेन्सिल द्या आणि म्हणा, ‘जिथे लक्ष उडालं, जिथे मागे जाऊन पुन्हा वाचावं लागलं, जिथे खरं वाटलं नाही, तिथे समासात रेघ मारा.’ माझ्या एका कथेवर एका वडीलधाऱ्या सहकाऱ्यांनी अशा पाच रेघा मारल्या होत्या. चार रेघा मला सर्वांत लाडक्या असलेल्या वाक्यांवर होत्या. दोन दिवस मी त्यांच्याशी धड बोलले नाही. तिसऱ्या दिवशी ती वाक्यं काढून कथा मोठ्याने वाचली. ती सरळ चालत गेली.

रेघा मारून झाल्या की तुमच्या वाचकांना कथा तोंडी सांगायला लावा. त्या वेळी तुम्ही गप्प बसायचं, खुलासा करायचा नाही. हे फार जड जातं, पण ते काय गाळतात आणि कुठे अडखळतात, ते नुसतं ऐका. तीन वाचक पुरेत. दोघांची रेघ एकाच जागी आली, तर त्या जागेवर काम करा. एकट्याचीच असेल तर आठवडाभर थांबा, मग ठरवा. आणि अर्धवट कथा कुणालाही दाखवू नका. तुमच्या पाच कथा अडण्याचं ते एक कारण असावं, असं मला तुमच्या पत्रावरून वाटतं.

शेवटी एक विचारते. मावशीने ते पाकीट का फोडलं नाही? कथेत ते नाही, आणि नसलं तरी चालेल. पण तुम्हाला माहीत आहे का? एक पान फक्त स्वतःसाठी, मावशीच्या तोंडून लिहा. मग कपाटापासून सुरू करून कथा पुन्हा लिहा आणि मला पाठवा. मी पेन्सिल घेऊन वाचेन.