ईमेलला जोडलेली मराठी फाइल वाचता येत नाही, तेव्हा

प्रश्न : सोसायटीच्या सभेचं इतिवृत्त '.टीएक्सटी' फाइल म्हणून मेलला जोडून आलं. मेलमध्येच उघडलं तर मराठीऐवजी डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन 'ए' आणि मधूनच जपानी येनचं चिन्ह, असला मजकूर दिसतो. पाठवणाऱ्यांकडे मात्र नीट दिसतं. फाइल बिघडली का?

उत्तर : फाइल बहुधा शाबूत आहे, ती वाचणारा प्रोग्रॅम चुकतोय. अक्षरं बाइटमध्ये, म्हणजे आकड्यांत, साठवण्याच्या पद्धतीला एन्कोडिंग म्हणतात. यूटीएफ-८ या एन्कोडिंगमध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. पहिला बाइट कायम ई०, दुसरा ए४ किंवा ए५ (बाइटचे आकडे असेच सोळाच्या पटीत लिहितात). विंडोज-१२५२ या जुन्या पाश्चात्त्य एन्कोडिंगच्या तक्त्यात ई० म्हणजे तो रेघवाला 'ए' आणि ए५ म्हणजे येन, म्हणून तीच अक्षरं सारखी भेटतात. साध्या टेक्स्ट फाइलीत एन्कोडिंगची नोंद नसते. मेलच्या हेडरमध्येही 'चारसेट', म्हणजे एन्कोडिंगचं नाव, लिहिलेला नसला, की प्रोग्रॅम अंदाजपंचे उघडतो.

फाइल आधी डाउनलोड करा. नोटपॅड सुरू करून 'फाइल', 'ओपन' असं जा आणि खालच्या 'एन्कोडिंग'च्या यादीतून यूटीएफ-८ निवडा. नोटपॅड प्लस प्लस असेल तर 'एन्कोडिंग' मेनूतलं नुसतं 'यूटीएफ-८' घ्या, 'कन्व्हर्ट टू यूटीएफ-८' नको. पहिल्याने तेच बाइट नव्याने वाचले जातात. दुसऱ्याने समोर दिसणारा कचराच यूटीएफ-८ मध्ये लिहिला जातो, आणि त्यावर सेव्ह केलं की निस्तरणं अवघड.

तो कचरा कॉपी करून पुढे पाठवण्याचा उद्योगही नको. 'ठ'चा शेवटचा बाइट ए० असतो. त्या तक्त्यात ती न तुटणारी मोकळी जागा. कॉपी-पेस्ट करताना तिची साधी मोकळी जागा झाली की 'ठ' गेला. हलन्ताचा शेवटचा बाइट ८डी, त्याला त्या तक्त्यात अक्षरच नाही. काही प्रोग्रॅम तो गाळतात आणि जोडाक्षरं फुटतात. दुरुस्ती करायची ती मूळ फाइलीवरच.

प्रश्न : माझ्या फाइलीत फक्त प्रश्नचिन्हं आहेत.

उत्तर : फाइल वर सांगितल्याप्रमाणे उघडूनही प्रश्नचिन्हंच दिसली, तर मजकूर गेला. मराठी मजकूर 'एएनएसआय'मध्ये (विंडोज-१२५२ सारख्या जुन्या एन्कोडिंगमध्ये) सेव्ह केला, की प्रत्येक चिन्हाच्या जागी खरोखरच प्रश्नचिन्ह लिहिलं जातं. नोटपॅड तेव्हा इशारा देतं, पण तो वाचतो कोण! विंडोज १० च्या १९०३ आवृत्तीपासून नोटपॅड नवी फाइल आपणहून यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करतं. त्याआधीचं असेल तर 'सेव्ह अ‍ॅज'मध्ये ते स्वतः निवडावं लागतं. पाठवणाऱ्याला तसं सांगून फाइल पुन्हा मागवा.

प्रश्न : जुन्या कार्यालयीन फाइलीत साधी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसते. एन्कोडिंग बदलून काही फरक नाही.

उत्तर : पडणारही नाही. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये रोमन अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असतात, आणि टेक्स्ट फाइल फॉन्टचं नाव साठवत नाही. कुठला फॉन्ट वापरला ते विचारा. नुसतं वाचायचं असेल तर मजकूर वर्डमध्ये चिकटवून तोच फॉन्ट लावा. कायमचं काम असेल तर त्या विशिष्ट फॉन्टचा युनिकोड परिवर्तक, म्हणजे मजकूर खऱ्या मराठी अक्षरांत बदलून देणारा प्रोग्रॅम, वापरा. मग ऱ्हस्व वेलांट्या आणि रफार डोळ्यांखालून घाला. या फॉन्टमध्ये वेलांटी व्यंजनाच्या आधी टाइप होते आणि रफार नंतर, युनिकोडमध्ये क्रम उलटा, त्यामुळे चुका तिथेच राहतात.

प्रश्न : जमाखर्चाचे रकाने एकाखाली एक येत नाहीत.

उत्तर : इंग्रजी मजकूर असेल तर 'कुरिअर न्यू' किंवा 'कन्सोलास' हा सारख्या रुंदीच्या अक्षरांचा फॉन्ट लावा आणि 'वर्ड रॅप' बंद करा. मराठीत स्पेस देऊन रकाने जुळवण्याचा नाद सोडा, कारण देवनागरी अक्षरांची रुंदी सारखी नसते. हिशेब सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी फाइल, करून मागवा. एक्सेलमध्ये तो डबल क्लिकने न उघडता 'डेटा' टॅबमधल्या 'फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही'ने घ्या आणि 'फाइल ओरिजिन'मध्ये ६५००१ निवडा, म्हणजेच यूटीएफ-८.