प्रवाहपतित म्हणजे पतित नव्हे

प्रश्न असा आहे : 'सागरी प्रवाह' याऐवजी 'सागरी ओघ' म्हटलेले चालेल का, आणि 'प्रवाहपतित' म्हणजे वाया गेलेला माणूस ना?

दुसरे आधी घेतो, कारण ते ऐकून कान किटले आहेत. प्रवाहपतितातला 'पतित' म्हणजे नुसता पडलेला. प्रवाहात पडला आणि पाणी नेईल तिकडे निघाला, तो प्रवाहपतित. त्यात पाप कुठून आले? ओघाने वाट्याला आलेल्या कर्तव्यालाही प्रवाहपतित म्हणतात, तेही आदराने. काहीजण तर 'मुख्य प्रवाहाबाहेर फेकला गेलेला' असा अर्थ लावतात. तो तर नेमका उलटा!

आता 'प्रवाह'. 'प्र' हा उपसर्ग अधिक 'वह्' हा संस्कृत धातू. इंग्रजीतला 'करंट' लॅटिनमधल्या 'धावणे' या क्रियापदावरून आला. त्यांना पाणी धावताना दिसले. आपल्याला ते वाहून नेताना दिसले. वह् म्हणजे मुळात नेणे. त्यावरूनच वाहन, वधूला घेऊन जाणे म्हणून विवाह, नुकतीच लग्न झालेली ती नवोढा (नव + ऊढा). 'ऊढ' हे वह् चे भूतकाळवाचक रूप. त्याला तोच 'प्र' लावा : प्रौढ! खरे तर गुणसंधीने 'प्रोढ' व्हायला हवे, पण पाणिनीच्या सूत्रांना पुरवण्या जोडणाऱ्या वार्तिककारांनी इथे खास वृद्धी, म्हणजे 'ओ'ऐवजी 'औ', सांगितली आहे. म्हणजे प्रवाह आणि प्रौढ यांचा धातू एक, उपसर्गही एक. कोश प्रौढचा अर्थ 'वर उचललेला, वाढलेला' असा देतात. मला मात्र प्रौढ म्हणजे काळाच्या प्रवाहाने बराच पुढे आणून सोडलेला माणूस वाटतो, आणि हे मत मी सोडणार नाही.

'नदी वाहते' आणि 'फूल वाहतो' यांतली क्रियापदे वेगळी, एक अकर्मक, दुसरे सकर्मक, असे सांगणारे जाणकार भेटतात. फांदी मोडते आणि आपणही फांदी मोडतो. म्हणून 'मोडणे' दोन झाले का? संस्कृत 'वहति'मध्येच दोन्ही अर्थ आहेत.

समुद्र तर हे वाहणे आणि वाहून नेणे करूनच दाखवतो. जानेवारी १९९२ मध्ये पॅसिफिकमध्ये एका जहाजावरून कंटेनर पडले आणि प्लॅस्टिकची २८,८०० खेळणी पाण्यात गेली : पिवळी बदके, निळी कासवे, हिरवे बेडूक, लाल बीव्हर. सुमारे दहा महिन्यांनी त्यांतली काही अलास्काच्या किनाऱ्याला लागली. हे काम नुसत्या लाटेचे नव्हे. खोल समुद्रात लाट बदकाला वर उचलते, खाली सोडते आणि जवळपास तिथेच ठेवून पुढे जाते. म्हणून चार दिवसांच्या उत्साहाला लाट म्हणावे. माणसांना जागेवरून हलवणाऱ्या विचारालाच प्रवाह म्हणावे. 'विचारांच्या लाटेचा प्रवाह' असले काही कृपा करून लिहू नका.

राहिला ओघ. त्याचेही मूळ वह् च सांगतात, त्यामुळे 'सागरी ओघ' अर्थाने चुकत नाही. पण भूगोलात प्रवाह रुळला आहे आणि ओघ बोलण्याला, अश्रूंना, पाहुण्यांना लागतो. तो तिथेच राहू द्या.